डावीकडे सरकणारे छर्रे

त्या वर्षी दिवाळीनंतर माझे छर्रे शेवटाशेवटाला डावीकडे जायला लागले आणि क्लबात सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी घाबरट आहे.

मला कोणी काहीही म्हणावं. आगाऊ म्हणावं, तोंडाळ म्हणावं, दोन्ही मी आहे. पण घाबरट म्हटलेलं मला चालत नाही. त्यातून ते माझ्या तोंडावर कोणी म्हणत नसे. नेमबाजी शिकवणारे सर म्हणायचे, "लास्ट सिरीजमध्ये थोडं टेंपरामेंट कमी पडतंय." आणि बाकीची पोरं रायफली पुसता पुसता मान हलवायची. त्या माना मला अजून दिसतात.

एअर रायफलचा खेळ बाहेरच्या माणसाला फार मिळमिळीत वाटतो. दहा मीटरवर एक कार्ड, त्याच्या मधोमध दहाचा ठिपका, पेनाचं टोक टेकवल्याएवढा. आपण जाडजूड जॅकेट घालून लाकडासारखं उभं राहायचं, श्वास सोडायचा, अर्धवट थांबवायचा आणि ट्रिगरवर बोट नुसतं असू द्यायचं. असे दहा-दहा छर्र्यांचे सहा डाव. त्या डावाला सिरीज म्हणतात. माझ्या पहिल्या तीन सिरीज सुरेख जायच्या. चौथीत एखादा छर्रा दहाच्या डाव्या अंगाला चाटून जायचा. पाचवीत दोन-तीन. सहावीत तर सगळी गर्दी डावीकडे, जशी काय तिकडे पंगत बसली आहे.

आता कोणालाही हेच वाटणार की हिचा दम संपतो, हिचे हात थरथरतात. मलाही तेच वाटायला लागलं होतं. झोपताना डोळे मिटले की डावीकडचं भोक दिसे.

आणि वर्ष कोणतं, तर ज्युनियरमधलं माझं शेवटचं. क्लबाकडे चांगली रायफल एकच होती. हवेच्या सिलिंडरची, परदेशी, हातात घेतली की वाटावं आपलाच लांब झालेला हात आहे. ती दरवर्षी निवड चाचणीत जी मुलगी पुढे येईल तिच्याकडे राहायची, आणि तीच पुढे राष्ट्रीय स्पर्धेला जायची. दोन वर्षं ती माझ्याकडे होती. चाचणी जवळ आली होती आणि माझ्या मागे, अगदी मानेवर श्वास लागेल इतक्या जवळ, पारशिवनीकडची एक मुलगी होती. शेतकऱ्याची पोर, नागपुरात मामाकडे राहायची, क्लबाच्या जुन्या रायफलीवर सराव करायची. शांत, गुणी, डब्यातला ठेचा मला आधी द्यायची. तिचा राग यायचं काही कारण नव्हतं, म्हणून तर जास्त यायचा. मी चाचणीत मागे पडले की रायफल गेली. आणि रायफल गेली की माझा खेळ संपला, कारण सीनियरमध्ये क्लब कोणालाच रायफल देत नसे आणि आमच्या घरी ती विकत घेण्याचा विषय कोणी काढतही नव्हतं.

एकच माणूस म्हणत होता की दोष माझा नाही. माझे बाबा.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. त्यांना माणसांपेक्षा यंत्रं जास्त कळतात, असं आई म्हणते, आणि ते तारीफ म्हणून म्हणत नाही. सकाळी मोटरसायकलवर टिफिन अडकवून जायचे, ड्युटी संपली की घरी येऊन चहा घ्यायचे आणि लगेच रायफलची ड्युटी सुरू. छर्रे कोमट पाण्यात धुऊन सुती कपड्यावर वाळवायचे, दबलेला एखादा दिसला की बाजूला टाकायचे. नळीतून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बारक्या गोळ्या सरकवून आतलं शिसं काढायचे. प्रत्येक स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावलेला, कणभर फिरला तरी दिसावा म्हणून. हे सगळं करताना त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नसायची, म्हणजे ती नाहीतच, प्रेसमध्ये गेली, मी शाळेत होते तेव्हा. पण उरलेल्या तीन बोटांनी ते जे करतात ते मला दहांनी जमत नाही.

"मशीन आहे ते," ते म्हणायचे. "मशीन कधी खोटं नाही बोलत. तू नोको डोकं खराब करून घेऊ."

"मग डावीकडे काहून जाते?"

"पाहून राहिलो ना मी."

महिनाभर पाहून राहिले. काही सापडलं नाही. सर एक दिवस त्यांना बाजूला घेऊन बोलले. मला ऐकू आलं नाही, पण बाबांची मान ज्या तऱ्हेनं खाली गेली त्यावरून समजलं.

चाचणीच्या आदल्या रविवारी त्यांनी कारखान्यातल्या एका मित्राकडून लोखंडी शिकंजा आणला. फिटर लोक पकडीसाठी वापरतात तो, पाटावर ठोकलेला. आमचं घर म्हणजे एकामागे एक खोल्या, समोरच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत सरळ रेघ. त्यांनी बाजा-खुर्च्या हटवल्या, अंगणात चिंध्या कोंबलेली पेटी ठेवली, तिच्यावर कार्ड लावलं आणि रायफल जुन्या ब्लँकेटच्या घड्यांत गुंडाळून त्या शिकंज्यात धरली. आईला सांगितलं, मधे कोणी यायचं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अन् कुकर उतरवायले जाऊ की नोको?" बाबा हसले नाहीत.

मला त्यांचा विचार कळला होता. रायफल लोखंडानं धरली आहे. तिला भीती नाही, दम नाही, टेंपरामेंट नाही. तिनं जर छर्रे इकडंतिकडं फेकले तर दोष तिचा. आणि एकाच भोकात टाकले तर माझा. मधली जागा नव्हती.

बाबांनी सिलिंडर पूर्ण भरून आणलं होतं. त्यांनी एक छर्रा मारला. दुसरा. तिसरा. मी अंगणात जाऊन कार्ड पाहिलं. एक भोक. त्यांनी आणखी मारले. भोक थोडं कुरतडलं गेलं, पण एकच. जणू एकाच छर्र्यानं ते पाडलं होतं.

बाबा आले, वाकले, चष्मा वर करून पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रायफल बरोबर आहे."

त्या तीन शब्दांत त्यांनी मला सोडून दिलं. जगात एकच माणूस माझ्या बाजूनं होता, तोही गेला. मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला कधी वेळेवर रडू येत नाही, राग येतो. असा राग आला की कानशिलं तापली.

"झालं?" मी म्हटलं. "एवढंच?"

"आणखी काय?"

"मी काय पहिल्या सिरीजले चुकते का? मी शेवटी चुकते. शेवटपर्यंत मारा. सहाही सिरीज मारा, सगळे छर्रे. तिचाही दम पाहू ना."

"अवं, हवा खतम होईल."

"होऊ द्या खतम."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं बाबांना डोळ्यानं काय सांगितलं कोण जाणे, ते परत जाऊन बसले. आणि मारत राहिले. मी प्रत्येक सिरीजनंतर नवं कार्ड लावत होते. दुसरी, एक भोक. तिसरी, एक भोक. मग चौथं कार्ड काढलं. भोक एका बाजूनं लांबट झालं होतं. डाव्या बाजूनं. मी पाचवं लावलं. सहावं काढलं तेव्हा दहाच्या ठिपक्याला एकही छर्रा मधोमध लागला नव्हता, सगळे डावीकडे, माझ्यासारखेच, अगदी माझ्यासारखेच.

मी तिथंच अंगणात फतकल मारून बसले आणि हसत सुटले. आईला वाटलं पोरीवर परिणाम झाला. "मी घाबरट नाही वं आई," मी म्हटलं, "ही घाबरट आहे, ही," आणि रायफलीकडे बोट दाखवलं.

बाबा कार्डं ओळीनं मांडून बघत होते. पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "हवा कमी झाली की सरकते," ते स्वतःशी बोलले. "म्हणजे सिलिंडर. हवा भरली की सिलिंडर ताठ राहते, कमी झाली की बसते, केसाएवढं. पण त्याचं नळीशी काय? नळी त मोकळी असते. तिले कोणी हात लावत नाही..."

आणि त्यांची नजर नळीच्या खाली गेली. मीही तिथंच पाहत होते.

सिलिंडर नळीच्या खाली, नळीला समांतर असतं, दोघांत बोटभरही नाही एवढी फट. त्या फटीवरून, नळी आणि सिलिंडर दोन्ही एकत्र आवळून, लाल-पिवळा नाडा बांधलेला होता. दसऱ्याचा.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाने, पक्कड, मोटरसायकल, आईचं शिलाई मशीन, आणि दोन वर्षांपासून रायफल. क्लबातल्या सगळ्याच रायफलींना तेव्हा नाडा बांधला जातो, पण बाकीच्यांनी तो मागे, दस्त्याला बांधला होता. बाबांनीही पहिल्या वर्षी तिथंच बांधला होता, या वेळी मात्र पुढे बांधला. कारखान्यात ते मशीनच्या तोंडाशी बांधतात, जिथून काम होतं तिथं. आणि फिटरनं बांधलेला नाडा, वेढ्यावर वेढे घालून, हळदीच्या पाण्यानं ओला करून. वाळल्यावर तो तारेसारखा बसला होता, आणि सिलिंडर बसलं की नळीलाही सोबत डावीकडे ओढत होता. दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत रेंज बंद होती, ती उघडल्यावर छर्रे सरकायला लागले, सरांनी सुट्टीला दोष दिला. पूजेच्या धाग्याकडे कोण दोष द्यायला बघणार? तो आपला आपण झिजून पडतो, त्याला हात लावत नाहीत.

"कात्री आणते," मी म्हटलं.

"नोको."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. "बाबा, तेच आहे. तुम्हालेही समजलं आहे."

"समजलं. पण तोडायचा नाही."

"तोडू आणि मागं दस्त्याले नवा बांधू. आई हळद-कुंकू देईल. पाहिजे तर नारळ फोडू."

बाबांनी रायफल शिकंज्यातून सोडवली, मांडीवर घेतली. "तो सायबही असाच म्हणे," ते म्हणाले. "आता काढा, नंतर नवीन बांधा."

मी हे ऐकलेलं होतं, पण त्यांच्या तोंडून नव्हतं. बोटं गेली त्या वर्षी कारखान्यात नवा साहेब आला होता. चालत्या मशीनवर धागेदोरे नकोत, म्हणून त्यानं दसऱ्याचे सगळे नाडे ब्लेडनं कापायला लावले. बाबांच्या प्रेसचा नाडा बाबांनीच कापला होता. नंतर थोड्याच दिवसांत बोटं गेली.

"मशीनवर गार्ड नव्हता म्हणून बोटं गेली, बाबा."

"गार्ड त कधीच नव्हता. मंग त्याच वर्षी काहून गेली?"

मी विज्ञान शिकलेली, मला दहा उत्तरं येत होती, आणि एकही त्या हाताकडे बघून तोंडातून निघेना. आई मात्र बोलली. "पोरीचं वर्ष आहे हे," ती म्हणाली. "रायफल जाईल तिची."

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "रायफल जाईल. पोरगी त राहील."

त्यावर घरात जे भांडण झालं ते मी लिहीत नाही. मी जे बोलले ते मला पाठ आहे. अडाणी म्हटलं, दुश्मन म्हटलं, आणखीही. बाबांनी रायफल पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं, मग तिच्याजवळ बसून राहिले.

चाचणीच्या सकाळी माझ्या जॅकेटच्या खिशात आईची शिलाईची कात्री होती. तिनंच ठेवली होती, न बोलता. रेंजच्या मागच्या खोलीत मी पेटी उघडली, कात्रीचं एक पातं त्या नाड्याखाली सरकवलं. एक कट, आणि मी मोकळी. बाहेर पारशिवनीची मुलगी वेणी घट्ट करत होती, सर नावं घेत होते. बाबा प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. मी पातं तसंच धरून उभी राहिले. मला वाटलं, समजा मी कापला, आणि उद्या हिंगण्याहून, बाबांच्या कारखान्यातून फोन आला तर? नसेल काही संबंध, मला माहीत आहे नाही. पण फोन आला तर मी काय करू? मी कात्री परत खिशात टाकली आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली.

मग मी दुसरा मार्ग धरला. छर्रे कधी सरकतात हे आता मला ठाऊक होतं. नेम धरायच्या साईटच्या चक्रीला टिकटिक करणाऱ्या बारीक खाचा असतात, प्रत्येक खाच म्हणजे नेम केसभर इकडं. रायफल जशी डावीकडे जाईल तसा मी नेम उजवीकडे नेत राहणार. आंधळ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडायचा, एवढंच.

पहिल्या तीन सिरीज पाण्यासारख्या गेल्या. कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच मला वाटलं की मी नीट उभी आहे. चौथीत एक छर्रा डावीकडे चाटला, मी एक खाच फिरवली. पुढचा दहा. पाचवीत आणखी एक खाच. दहा, दहा. मागे बाकावर बाबांना माझा हात साईटकडे जाताना दिसत असणार. मी वळून पाहिलं नाही, पण माझ्या पाठीला ते कळत होतं.

सहावी सिरीज. शेजारच्या लेनमध्ये ती मुलगी, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आमच्या दोघींच्या गुणांत फरक दशांशाचा होता, मी पुढे. मी आणखी एक खाच फिरवली. छर्रा उजवीकडे गेला. जास्त झालं. परत मागे फिरवली, तो डावीकडे. घरी बाबांनी पटापट मारले होते, इथं मी एकेक छर्र्याला वेळ घेत होते, हवा वेगळ्या चालीनं उतरत होती, आणि मी अंधारात चाचपडत होते. एक छर्रा मधोमध लागला. एक नाही. घाम डोळ्यात उतरला तरी मी पापणी हलवली नाही. हात थरथरला नाही. हे मी शपथेवर सांगते, शेवटच्या छर्र्यालाही माझा हात थरथरला नाही. तो डावीकडेच गेला.

दशांशानं हरले. पडद्यावर तिचं नाव माझ्या वर आलं आणि ती माझ्याकडे बघून रडायला लागली, मी नाही.

राष्ट्रीय स्पर्धा जवळ होती, म्हणून सर म्हणाले, रायफल आजच तिच्या ताब्यात द्या. बाबांनी पेटी टेबलावर ठेवली, उघडली. सगळी स्क्रूवरची पांढरी टिंबं तिला दाखवली, नमद्याच्या गोळ्यांची पुडी दिली, छर्रे कसे धुवायचे ते सांगितलं. मग मागे वळून मला म्हणाले, "कात्री दे."

त्यांना माहीत होतं. मी खिशातून काढून दिली.

त्यांनी डाव्या हातानं नळी धरली आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी तो नाडा कापला. एका झटक्यात, शेतातलं गवत कापावं तसा. वाळलेले वेढे टेबलावर पडले. ते त्यांनी गोळा करून खिशात ठेवले. "आता शेवटपर्यंत सरळ जाते, बाई," ते तिला म्हणाले. "बिनधास्त मार." ती त्यांच्या पाया पडली.

ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर नाक घासलं, ती त्यांनी दुसऱ्याच्या पोरीसाठी पाणी पिण्याएवढ्या सहज केली. मी मोटरसायकलवर मागे बसले पण त्यांच्या खांद्याला हात लावला नाही, मागची कडी धरली. हिंगणा रोडवर कंपनीच्या बसेस सुटल्या होत्या, गर्दीत गाडी हळू झाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"तिच्यासाठी तोडला. माह्यासाठी काहून नाही?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. हेल्मेट काढलं. माझ्याकडे वळले नाहीत, हँडलकडे बघत बोलले.

"तिच्यासाठी तोडताना हात नाही थरथरला माहा. तुह्यासाठी आठवडाभर कात्री हातात घेऊन पाहिली. रोज थरथरे."

"मले ते दहा पाहिजे होते, बाबा. तुमचं भेव नोको होतं मले. मी मेहनत केली होती. माहा हात नव्हता थरथरत, तुमचा थरथरत होता."

मला आता रडू आलं, उशिरा का होईना, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या बसेससमोर. वाटलं ते समजूत घालतील, पुढच्या वर्षाचं काहीतरी बोलतील.

"माहीत होतं मले," ते म्हणाले. "तरी नाही तोडला."